तिसऱ्या पट्टीतली द्वारका

दुपारचं जेवण झालं की हल्ली मला झोप लागत नाही, डुलकी लागते. झोपेत माणूस पुरता आत जातो. डुलकीत दार अर्धं उघडं राहतं. बाहेरचं ऐकू येतं आणि आतलंही.

आज मी ओसरीतल्या बाजेवर आडवी झाले आहे. दसरा होऊन पाच दिवस झालेत. अंगणातल्या दगडावर पाय ठरत नाही एवढं ऊन आहे, पण सावलीत आलं की पाठीला गार लागतं. रब्बीचा मका टोबायचे हेच दिवस. जमिनीत ऊब आहे तोवर बी पडलं पाहिजे. माझा पुतण्या भारत पायरीवर बसून बियाण्याच्या पिशवीची शिवण उसवतो आहे.

"मोठी आई, झोपलीस का?"

"नाही."

"डोळे तर मिटलेत."

"डोळे मिटले म्हणजे माणूस झोपतं का? बोल."

"उद्या ट्रॅक्टर सांगितलाय, टोकण यंत्रासकट. अंतर किती लावायला सांगू? दुकानदार म्हणतो दाट लावा. झाडं जास्त तर कणसं जास्त."

"दुकानदाराला बी विकायचंय. दोन फुटांवर ओळ, आणि झाडाझाडात वीतभर."

"कुणाची वीत? तुझी का माझी?"

मी डोळे न उघडताच हात वर करते, अंगठा आणि करंगळी ताणते. करंगळी आता पूर्वीसारखी ताणली जात नाही.

"ही तर सहा इंचांवर आली," तो हसतो. "म्हातारपणी वीतसुद्धा आटती काय?"

"आठ इंच धर. आणि उद्याचं परवावर ढकलू नकोस."

"नाही ढकलत. झोप तू."

तो पिशवीतलं बी घमेल्यात ओततो. मक्याचं बी पत्र्यावर पडतं तो आवाज मला फार आवडतो. आधी एकेक दाणा, मग सर, मग सगळं एकदम. आवाज थांबत नाही. एवढ्याशा पिशवीत एवढं बी कुठून आलं, असं मनात येतं. बघायला मान वळवते तर पायरीवर भारत नाही.

पायरीवर द्वारका बसली आहे.

"अक्का, पाय घे जरा," ती म्हणते. "बसू दे बाजेवर. पायरी तापलीय."

द्वारका माझी धाकटी जाऊ. भारतची आई. तिला जाऊन एकतीस वर्षं झाली. गेली तेव्हा ती बत्तीस वर्षांची होती आणि भारत नऊचा. आता भारत चाळिशीचा आहे, आपल्या आईपेक्षा आठ वर्षांनी मोठा. त्याला मी वाढवला. तो मला मोठी आई म्हणतो.

मी पाय आखडून घेते. ती बसते, पण बाज करकरत नाही. जांभळं लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, पोटऱ्यांना वाळलेला चिखल. मी तिच्या तोंडाकडे बघते आणि माझ्या लक्षात येतं की मी तिचा डावा गाल विसरले होते. गालावर देवीचा एक व्रण होता. कसा विसरले असेन?

"किती म्हातारी झालीस गं," ती म्हणते.

"बहात्तर."

"दात?"

"खालचे आहेत."

"मग कणीस खाता येत नसंल."

"खरवडून देतो भारत. मीठ लावून."

ती अंगणाकडे बघते. अंगणाच्या पलीकडे, गोठ्याच्या सावलीत, भारत पाठमोरा बसून बैलाच्या कासऱ्याला पीळ देतो आहे. मघाशी तो इथे होता, आता तिथे आहे, आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही.

"ते टक्कल कुणाचं?" ती विचारते.

"तुझ्या पोराचं."

"अगं बया." ती पदर तोंडाला लावून हसते. "बापावर गेला. मी म्हणायचेच. डोकं धुताना हातात यायचे केस, नऊ वर्षांच्या पोराचे." मग हसू विझतं. ती तशीच बघत राहते, भूक लागलेलं माणूस चुलीकडे बघतं तशी. "पाठ भरलीय नाही का त्याची?"

"भरलीय."

"हाक मारू का?"

हाक त्याच्यापर्यंत पोचायची नाही. तिलाही ते ठाऊक असणार. ती हाक मारत नाही.

"चल," ती उठते. "ऊन कलतंय. पहिली ओळ राहिलीय."

मी तिच्या मागे जाते. अंगण ओलांडायचं तर अंगण नाही, पायाखाली काळी माती आहे, ओलवून वाफसा आलेली. मूठ दाबली तर गोळा होतो, बोट लावलं तर फुटतो. माझे गुडघे दुखत नाहीत. रानाच्या या बांधापासून त्या बांधापर्यंत आमची दोरी ताणलेली आहे.

या दोरीचं सांगायला हवं. तेव्हा आमच्याकडे यंत्र नव्हतं, मका बायकाच हातानं टोबायच्या. दोरीला वीतवीतभर अंतरावर लाल चिंध्या बांधलेल्या. द्वारका लग्न होऊन आली त्या वर्षी आम्ही दोघींनी एकमेकींच्या हाताला हात लावून बघितला होता, वीत केसाइतकीही कमीजास्त नव्हती. दोरीच्या एका टोकाला मी बसायची, दुसऱ्या टोकाला ती. चिंधीखाली बोटभर खळगा, त्यात दोन दाणे, वर माती. दोघी दोन टोकांकडून मधे सरकत यायच्या. मधोमध गाठ पडली की एक घोटभर बोलायचं, आणि उठून पुन्हा आपापल्या टोकाला. दोरी दोन फूट पुढे, पुन्हा ओळ. दिवसभरात आमचं बोलणं असं तुकड्यातुकड्यानं व्हायचं. एक ओळ, एक वाक्य. घरात चार माणसांसमोर ती मला 'तुम्ही' म्हणायची. दोरीवर 'तू'.

त्या वर्षी आमच्या रानात प्रात्यक्षिक होतं. कृषी सहायक बनकर साहेबांनी गावात सांगितलं, एकच बियाणं तीन तारखांना लावून बघायचं. पहिली पट्टी दसऱ्यानंतर लगेच, दुसरी त्यानंतर दहा दिवसांनी, तिसरी आणखी दहा दिवसांनी. प्रत्येक पट्टीत थोडं वीतभर अंतरावर, थोडं त्याहून दाट, थोडं विरळ. मग कणसं तोलायची आणि कोणती वेळ, कोणतं अंतर बरं, ते गावाला दाखवायचं. रानाच्या कडेला पत्र्याचा फलक लागला. त्यावर शेतकऱ्याचं नाव म्हणून माझं नाव होतं. घरधन्याचं नाही, माझं. आमच्या गावात रानात बाईच्या नावाचा फलक लागला तो पहिला. मी जाता-येता त्याची धूळ पदरानं पुसायची.

आणि पहिल्या पट्टीच्या पहिल्या दिवशी द्वारका मला तीन ओळींत एक गोष्ट बोलली.

आता ती समोरच्या टोकाला बसली आहे. मी या टोकाला. हात आपोआप चालतो. खळगा, दोन दाणे, माती. वर न बघता मला कळतं, ती जवळ येते आहे. कोणती ओळ आहे ही, तेही मला कळतं.

मधोमध गाठ पडते.

"अक्का, छातीत काहीतरी लागतंय हाताला," ती म्हणते. "डाव्या बाजूला."

ती उठते. मी उठते. दोरी पुढे. मी माझ्या टोकाला जाऊन बसते. मी मनात ठरवते, आज नीट बोलायचं. एकतीस वर्षं हे वाक्य घोळवलं आहे मी, भाकरी थापताना, पाणी शेंदताना. हातातलं टाक, लुगडं बदल, चल, एसटी मिळेल. एवढंच म्हणायचं आहे.

दुसऱ्या ओळीच्या मधोमध ती म्हणते, "बोराएवढं आहे. दुखत नाही. पण हलत नाही गं ते."

पुन्हा दोरी पुढे. माझ्या ओठांवर शब्द तयार आहेत. चल, एसटी मिळेल.

तिसऱ्या ओळीच्या मधोमध ती माझ्या मनगटावर मातीचा हात ठेवते. "मला भ्या वाटतंय. भारत लहान आहे. जाऊन यायचं का शहरात, दवाखान्यात?"

मी तोंड उघडते.

"वाफसा जाईल," माझं तोंड म्हणतं.

नाही, हे नाही. मी पुन्हा तोंड उघडते.

"तिन्ही पट्ट्या उरकू दे. दुसरी बाई लावली तर अंतर बिघडतं, साहेबांचा सगळा प्रयोग फुकट जाईल. दुखत नाही म्हणतेस ना? दिवाळी झाली की जाऊ. मी येते बरोबर."

तेव्हा बोलले होते तेच, शब्द न् शब्द. ती माझ्याकडे बघते, आणि तेव्हा म्हणाली होती तेच म्हणते. "बरं."

मग ती मनगटावरचा हात काढून घेते.

दोरी पुढे सरकत नाही. फलकावरचा रंग ओला आहे आणि तो ओघळतो आहे. मी पुसायला जाते, तर समोर पांढरी भिंत आहे. हिरव्या पट्ट्याची, औषधाच्या वासाची. शहरातल्या दवाखान्याचा व्हरांडा. बाकांवर माणसं बसली आहेत आणि द्वारका खाली उकिडवी बसून फरशीच्या प्रत्येक फटीत दोन-दोन दाणे ठेवत चालली आहे.

"काय करतेस?"

"टोबते."

"फरशी फुटाची असती, द्वारका. फार लांब पडेल."

"उशिरा लावायचं तर काय लांब अन् काय जवळ," ती म्हणते. "थंडी लागली की कोंबाला वर यायला दोन आठवडे."

खरंच तसं झालं होतं. पहिल्या पट्टीचे कोंब सहाव्या दिवशी वर आले. बाराव्या दिवशी आम्ही विरळणी केली. एका खळग्यात दोन रोपं आली तर दुबळं उपटून एक ठेवायचं. द्वारकाला ते कधी जमलं नाही. ती उपटलेली रोपं मुठीत धरून हिंडायची, जिथे उगवण नसेल तिथे खोचायची. मी ओरडायची, अगं मका भात नव्हे, असा लावून धरत नाही. ती म्हणायची, धरला तर धरला. एखादं धरायचंही. उंच व्हायचं, कणीस मात्र यायचं नाही.

तिसऱ्या पट्टीचं सगळं मागं पडलं. दिवाळीनंतर टोबलेली, थंडीत अडकलेली. ताटं गुडघ्याएवढी झाली तोवर पहिल्या पट्टीला तुरे आले होते. आणि तिसऱ्या पट्टीत जिथे दाट लावलं होतं, तिथे तर तुरा येऊन परागकण झडून गेले, मग कणसाला केस फुटले. कणीस सोललं तर कुठे पाच दाणे, कुठे सात, बाकी नुसती पांढरी बोंडं. झाडं होती, दाणा नव्हता.

व्हरांड्याच्या टोकाला बनकर साहेब तराजू घेऊन उभे आहेत. माणसं बाकांवरून सरकून त्यांना जागा देतात. ते पहिल्या पट्टीची कणसं पाटीत घालतात, काटा बघतात, वहीत लिहितात. मग दुसऱ्या पट्टीची. मग तिसऱ्या पट्टीची कणसं घालतात आणि पाटी वरच राहते. ते मान हलवतात. त्यात राग नाही, काही नाही. "वीस दिवसांत निम्म्यावर आलं, बाई," ते मला म्हणतात.

मक्याचं असं सांगता येतं. काट्यावर घालून सांगता येतं. द्वारकाचं कुणी तोललं नाही. दसऱ्याला तिनं मला सांगितलं आणि तिला दवाखान्यात नेलं तेव्हा मार्गशीर्ष लागला होता. तेही मी नेलं नाही. तिसऱ्या पट्टीची विरळणी करताना ती बांधावर कोसळली, म्हणून धाकट्या भावजींनी, तिच्या नवऱ्यानं, नेलं, मी सोबत गेले. तो दीड महिना मी ठेवून घेतला नसता तर ती वाचली असती का, हे मला कुणी सांगितलं नाही. मी विचारलंच नाही. विचारायचं म्हणजे तो दीड महिना कुणीतरी ऐकला असता.

एका दाराचा पडदा हलतो. आत डॉक्टरीणबाई आहेत, धाकटे भावजी आहेत, मी आहे. द्वारका खाटेवर बसली आहे. डॉक्टरीणबाई विचारतात, "कधीपासून आहे हे?"

द्वारका माझ्याकडे बघते.

"आत्ताच लागलं हाताला," ती म्हणते. "दिवाळीनंतर."

मी खालच्या फरशीकडे बघते.

फाल्गुनात ती गेली. तिसरी पट्टी तेव्हा रानात हिरवी उभी होती. भेटायला आलेल्या बाया म्हणाल्या, अंगावर काढलं बाईनं. बोलली असती तर? धाकटे भावजी मरेपर्यंत म्हणत राहिले, मला तरी सांगायचं होतंस. मी सगळ्यांना चहा देत होते आणि मान हलवत होते. पुढे भारत मोठा झाला. त्याच्या लग्नाच्या हळदीला मी त्याला म्हटलं, आईच्या तसबिरीला नमस्कार कर. त्यानं केला. मग हलक्या आवाजात म्हणाला, "तिला माझी पर्वा असती तर ती बोलली असती, मोठी आई. तू कशी सगळं बोलतेस." मी त्याच्या पाठीवर हळद लावत होते. लावत राहिले.

"द्वारका," मी आता व्हरांड्यात तिला विचारते, "तू खोटं काहून बोललीस तिथं?"

ती दाणे ठेवायचं थांबते. मूठ मिटते. उठून उभी राहते आणि माझ्याकडे बघते, चार माणसांत बघायची तशी.

"तुम्ही समोर होत्या," ती म्हणते. "म्हटलं, तुम्ही बोलाल."

"तुम्ही काय म्हणतेस गं मला. आपण दोघीच तर आहोत."

"मी थांबले होते ना. ती डॉक्टरीण लिहीत होती तोवर. म्हटलं, थोरल्या आहेत, आता सांगतील, नाही बाई, दसऱ्यालाच सांगितलं होतं हिनं मला. तुम्ही खाली बघत होत्या."

"मला भीती वाटली."

"मलाबी वाटत होती."

ती वळते आणि चालायला लागते. व्हरांडा संपतो तिथे मका सुरू होतो, भिंतीला लागूनच. ती आत शिरते. मी मागे धावते. ही तिसरी पट्टी आहे, मी ओळखते. दाट लावलेला भाग. ओळ आणि ओळ यांत माणूस आडवं शिरत नाही, झाडाझाडात पाऊल बसत नाही. पिवळट ताटं, डोक्यावर झडलेले तुरे. वर आभाळ दिसत नाही. जांभळं लुगडं पुढे दिसतं, मग दिसत नाही.

"द्वारका!"

"इकडं आहे." आवाज जवळून येतो, पण बाजूनं.

मी हात आडवे धरून पानं सारते. मक्याच्या पानाची कड करवतीसारखी असते, आम्ही उन्हाळ्यातसुद्धा लांब बाह्यांचे जुने सदरे घालून शिरायचो. आज माझे हात उघडे आहेत. पानं चराचर ओढली जातात. घाम झोंबतो.

"भारतला काय सांगितलं तुम्ही?" ती विचारते.

"थांब, मला दिसत नाहीस."

"काय सांगितलं?"

मी थांबते. पुढे जाता येत नाही, मागे वळता येत नाही. ताटं खांद्यांना टेकली आहेत.

"सांगितलं नाही काही," मी म्हणते. "लोक म्हणाले, तू कुणाला बोलली नाहीस. ते त्यानं ऐकलं. मी नाही म्हटलं नाही."

पानांची सळसळ थांबते. एवढ्या मोठ्या पट्टीत एक पान हलत नाही.

"मग त्याला वाटत असंल, आई मुकाट मरून गेली. त्याच्यासाठीसुद्धा तोंड उघडलं नाही."

"तसंच वाटतं त्याला."

"गप्प नव्हते मी," ती म्हणते. तिचा आवाज चढत नाही. चढला असता तर मला बरं वाटलं असतं. "तीन ओळी बोलले होते."

"हो."

"तुम्हाला मोठी आई म्हणतो ना तो?"

"म्हणतो."

"म्हणू दे. तुम्ही वाढवलाय. ताप काढलेत त्याचे. त्याला मी काही म्हणत नाही." ती थोडी थांबते. "माझं नाव घेतो का?"

भारतनं तिचं नाव शेवटचं कधी घेतलं? रेशन कार्डावरून कमी करताना? त्याच्या लेकीचं नाव ठेवायचं होतं तेव्हा सगळ्यांनी द्वारका सुचवलं, तो उठून बाहेर गेला होता. तिला ते न सांगताच कळतं.

"बघा," ती म्हणते.

"द्वारका, मला एकदा दिसू दे. मग सांगते त्याला. तू समोर ये, मग."

"माझ्यावर काहून टाकता ते," ती म्हणते, आता पुष्कळ लांबून. "मी माझं बोलले होते."

मी दोन्ही हातांनी पानं फाडत पुढे घुसते. एक ताट मोडतं, दुसरं मोडतं. कणसं लागतात हाताला, हलकी, पोकळ. पलीकडे उजेड आहे, तिथे ओळ संपत असणार, तिथे ती असणार. मी हात लांब करते, आणि कुणीतरी माझा हात धरतं.

"मोठी आई. ए मोठी आई. काय झालं?"

भारत बाजेशी वाकला आहे. त्याच्या कपाळावर घाम आहे. उन्हं ओसरीच्या खांबापर्यंत आली आहेत. गोठ्यात बैल खुंट्याला शिंग घासतो आहे, शेजारच्या अंगणात कुणीतरी धुणं झटकतं आहे.

"हात कसे झाडत होतीस. पडली असतीस खाली."

मी उठून बसते. तोंड कोरडं आहे. तो तांब्या देतो, मी पाणी पिते. तांब्या परत घेताना तो थांबतो.

"हे काय लागलं?"

मी बघते. दोन्ही हातांवर, कोपरापासून मनगटापर्यंत, बारीक लाल रेघा. सात-आठ इकडे, तितक्याच तिकडे. एका रेघेवर रक्ताचे थेंब मोहरीएवढे उभे राहिले आहेत. भारत माझा हात उजेडाकडे वळवतो. शेतकऱ्याला हे ओरखडे कशाचे, ते विचारावं लागत नाही.

"मक्याची पात लागली की काय?" तो म्हणतो, आणि मग स्वतःच हसतो. "आपल्या शिवारात आज मक्याचं एक ताट उभं नाही. रानं सगळी नांगरलेली. गोठ्यात गेलीस का तू? कडब्यात हात घातलास?"

"नाही. इथंच होते."

"मग?"

तो हळद आणायला आत जायला निघतो. मी त्याचं मनगट धरते. माझे ओरखडे चरचरतात.

"हळद राहू दे. बस इथं."

तो बसतो. बाज त्याच्या वजनानं करकरते.

"भारत, तुझी आई गप्प नव्हती."

तांब्या अजून त्याच्या हातातच आहे.

"तिनं सांगितलं होतं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, पहिली पट्टी टोबताना. मला सांगितलं होतं. दवाखान्यात जायचं म्हणाली, भारत लहान आहे म्हणाली. मीच तिला थांबवलं. मक्यासाठी. त्या फलकावर माझं नाव होतं म्हणून. नंतर सगळे तिलाच बोलले, तूही बोललास, आणि मी ऐकून घेतलं. एकतीस वर्षं."

एरवी मी त्याच्या तोंडाकडे बघितलं नसतं. आज मी बघते. आधी त्याला काही कळत नाही. मग कळतं. तांब्या त्याच्या हातात वाकडा होतो आणि उरलेलं पाणी ओसरीच्या शेणसारवणावर सांडतं. तो मनगट सोडवून घेतो. जोरात नाही. उठतो, पायऱ्या उतरतो, अंगणाच्या मधोमध उन्हात उभा राहतो, माझ्याकडे पाठ करून. बराच वेळ. मला वाटतं, तो आता असाच जाईल. रानात, गावात, कुठेही. गेला तरी माझी ना नाही.

तो परत येतो. बाजेवर बसत नाही. पायरीवर बसतो, तापलेल्या दगडावर.

"काय म्हणाली होती?" तो विचारतो. मोठी आई म्हणत नाही. "तिचे शब्द सांग. तुझे नको. तिनं जे म्हटलं तेच सांग."

मी दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवते. ओरखड्यांवर घाम आला आहे, ते झोंबतात.

"पहिल्या ओळीला म्हणाली," मी सांगायला लागते, "अक्का, छातीत काहीतरी लागतंय हाताला."